पाय पाहून अंथरूण! वन-बीएचकेतल्या मोत्याची झोप

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याला लहानपणीच शिकवतात. मोत्याला मात्र हे कुणीच शिकवलेलं नसतं! रात्री साडेअकराला तो तुमच्या सहा बाय चारच्या पलंगावर हळूच पुढचे दोन पाय ठेवतो. मग हनुवटी. मग उरलेला सगळा मोत्या. पहाटे बघावं तर तुम्ही पलंगाच्या काठावर आणि साहेब मधोमध, उताणे, चारही पाय छताकडे. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी ही म्हण ज्याला सुचली त्याच्या घरी कुत्रा असणार. लावा पैज!

तर मंडळी, घर छोटं, लाडका मोठा आणि प्रश्न एकच: याला झोपवायचं कुठे? चला, एकेक भन्नाट गोष्ट उलगडू. उत्तर वाटेतच सापडेल.

माहीत आहे का? मोठा कुत्रा दिवसाचे साधारण १० ते १२ तास झोपतो. आणि पिल्लू? चक्क १८ ते २० तास! म्हणजे घरातलं सर्वांत जास्त वापरात असलेलं फर्निचर सोफा नाही, मोत्याचं अंथरूण आहे. सोफ्याला दहा दुकानं हिंडता ना? मग याच्या गादीलाही थोडा वेळ द्या की.

पण ही झोप सलग नसते हं! १९९३ च्या एका अभ्यासात रात्रभर कुत्र्यांवर नजर ठेवली. सरासरी निघाली १६ मिनिटं झोप, ५ मिनिटं जाग, पुन्हा १६ मिनिटं झोप. शाळेत संस्कृतच्या तासाला आदर्श विद्यार्थ्याची पाच लक्षणं घोकली असतील, तर त्यातली ‘श्वाननिद्रा’ आठवतेय? सुभाषितकारांचं निरीक्षण एकदम फिट!

आणि इथेच पहिली टिप हाती लागते. रात्रीतून वीसेक वेळा जाग येणाऱ्या जिवाला डोळा उघडताच दोन गोष्टी दिसायला हव्यात: दार आणि तुम्ही. त्या दिसल्या की मान खाली, डोळे बंद. नाही दिसल्या की उठून शोधमोहीम, नखांची टकटक, आणि मग सगळ्या घराचीच श्वाननिद्रा.

झोपेत मोत्या पळतो, गुरगुरतो, मिशा थरथरवतो. स्वप्न बघतो का? २००१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत उंदरांच्या मेंदूचे सिग्नल तपासले. चक्रव्यूहात धावताना मेंदूत जो पॅटर्न उमटला होता, तोच झोपेतही उमटला. उंदराला जमतं, मग मोत्याने दुपारची मांजर रात्री पुन्हा पकडली तर नवल काय? फक्त एक करा. अशा वेळी त्याला हलवून उठवू नका, दुरून नावाने हाक मारा. दचकून जागा झालेला अगदी गरीब कुत्राही क्षणभर दात दाखवू शकतो. म्हणूनच त्याचं अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेवर नको. घरात रांगतं बाळ असेल तर मुळीच नको.

जागा किती? आकडा ऐका!

जर्मनीत कुत्र्याच्या पिंजऱ्याचं माप कायद्यातच लिहिलंय. खांद्याशी ५० सेंटिमीटरपर्यंत उंची असेल तर किमान ६ चौरस मीटर. ५० ते ६५ असेल तर ८. त्याहून उंच गडी असेल तर १०! दहा चौरस मीटर म्हणजे आपल्या भाषेत सुमारे १०८ चौरस फूट.

आता मुंबईत या. वरळी, नायगावच्या बीडीडी चाळीतली एक खोली किती? १६० चौरस फूट. त्यात आजी, आजोबा, आई, बाबा, दोन मुलं, शिलाई मशीन आणि देवघर. जर्मनीतला अल्सेशियन हे ऐकून शेपूट हलवायचं थांबेल!

पण घाबरू नका, कारण पुढची गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कुत्र्याचा आकार आणि त्याला लागणारी जागा यांचं गणित सरळ नसतंच मुळी.

माहीत आहे का? जगातला आजवरचा सर्वांत उंच कुत्रा म्हणून गिनीज बुकात नोंदला गेलेला झ्यूस हा ग्रेट डेन होता. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातला, उंची १११.८ सेंटिमीटर! आणि हयात कुत्र्यांमधली सर्वांत बुटकी म्हणून नोंदली गेलेली? पर्ल नावाची चिवावा, ९.१४ सेंटिमीटर. टीव्हीचा रिमोट उभा धरा, पर्ल त्याहून बुटकी. एकाच प्रजातीचे प्राणी, उंचीत बारापट फरक.

तरी छोट्या फ्लॅटसाठी ग्रेट डेन चालतो असं सांगणारे जाणकार बरेच भेटतील. कारण तो घरात येतो, आडवा होतो, झाला विषय संपला. उलट पायाशी घोटाळणारा इटुकला जॅक रसेल टेरियर दिवसभर सोफा ते खिडकी अशा फास्ट लोकलच्या फेऱ्या मारतो. ग्रेहाउंड तर कमालच. ताशी ७० किलोमीटरच्या आसपास धावणारा हा पठ्ठ्या घरात मात्र तासन्‌तास सुस्त पडून राहतो.

आपल्या मातीतला कारवानीही याच घराण्यातला, बरं का! लातूर-सोलापूरकडच्या माळावर सशामागे वाऱ्यासारखा सुटणारा हा सडपातळ हाउंड. अंगावर चरबी नाही, केस आखूड. त्यामुळे नुसत्या फरशीवर याची हाडं टोचतात. जागा कमी द्या, चालेल. गादी जाड द्या.

सेलिब्रिटी बंगले

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये अठराव्या शतकातलं एक पॅरिसचं कुत्रंघर ठेवलंय. कारागीर क्लोद सने. लाकडावर सोन्याचा मुलामा, आतबाहेर रेशीम आणि मखमल. एका कुत्र्यासाठी! आपल्याकडे लग्नाच्या हॉलमधल्या सिंहासनालाही एवढी चमक नसते.

पण माझी सर्वांत आवडती गोष्ट पुढची आहे. थोडी सावकाश सांगते.

१९५६ साल. कॅलिफोर्नियातला १२ वर्षांचा एक मुलगा. त्याच्या आईबाबांचं घर डिझाइन केलं होतं साक्षात फ्रँक लॉइड राइट यांनी, म्हणजे त्या काळच्या अमेरिकेतल्या सर्वांत गाजलेल्या आर्किटेक्टने. मुलाच्या मनात आलं, आपल्याला घर आहे, मग आपल्या एडी नावाच्या लॅब्रेडॉरला का नाही? त्याने सरळ राइटना पत्र लिहिलं: आमच्या घराला शोभेल असं कुत्रंघर काढून द्या. राइट तेव्हा न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम म्युझियमच्या कामात बुडालेले. त्यांनी कळवलं, सध्या वेळ नाही, नोव्हेंबरमध्ये पुन्हा लिही. पोराने नोव्हेंबरमध्ये पुन्हा लिहिलं! आणि नकाशे आले. फुकट! त्रिकोणी आराखडा, उतरतं छप्पर, जागा जेमतेम ४ चौरस फूट. राइट यांच्या कारकिर्दीतली सर्वांत छोटी वास्तू.

प्रत्यक्ष बांधून झालं १९६३ मध्ये. आणि मग? छप्पर गळलं. घरातल्या कुत्र्यांना ते काही पसंत पडेना, त्यांना माणसांच्या घरातली ऊबच हवी होती. शेवटी ती जगप्रसिद्ध हाताची कलाकृती कचऱ्यात गेली. पुढे २०१० मध्ये एका माहितीपटासाठी त्याच नकाशांवरून ती नव्याने उभारली, आणि आज ती राइट यांनीच डिझाइन केलेल्या मॅरीन काउंटी सिव्हिक सेंटरमध्ये मानाने विराजमान आहे.

त्या कुत्र्यांचं मला अगदी पटतं. बंगल्याची डिझाइन व्हॅल्यू माणसांना. कुत्र्याला हवी असते ती माणसांच्या श्वासांची सोबत.

जपानी डिझायनर केन्या हारा यांनी हे नेमकं ओळखलं. २०१२ मध्ये त्यांनी बड्या बड्या आर्किटेक्टना कामाला लावलं: प्रत्येकाने एकेका जातीसाठी काहीतरी बनवा, आणि नकाशे सगळ्यांना फुकट वाटा! केंगो कुमांनी पगसाठी काठ्यांची जाळीदार गुहा केली, शिगेरू बान यांनी पॅपिलॉनसाठी कागदी नळ्यांचं काहीतरी अफलातून. आणि डॅक्सहुंडसाठी उतार बनवणाऱ्या फर्मचं नाव ऐका: अ‍ॅटेलिये बाउ-वाउ! म्हणजे चक्क ‘भू-भू’. योगायोग असावा तर असा.

त्या उताराला अर्थही आहे बरं. डॅक्सहुंड म्हणजे लांबलचक बॉडी आणि आखूड पाय. पलंगावरून धपाधप उड्या मारल्या की पाठीच्या मणक्यातल्या चकत्या सरकण्याचा धोका. याला पलंग नकोच. जमिनीलगतची गादी, नाहीतर पलंगाला छोटा उतार.

आणि हो, स्नूपी! चार्ल्स शुल्झ यांच्या कॉमिकमधला हा हिरो घरात नाही, घराच्या छपरावर झोपतो. १२ डिसेंबर १९५८ ला पहिल्यांदा तो तिथे आडवा झाला. बाहेरून दोन फुटी दिसणाऱ्या त्याच्या घरात आत व्हॅन गॉगचं पेंटिंग होतं म्हणे! कारपेट एरियाचं असं गणित बिल्डरला जमलं तर काय बहार येईल.

आता एक मिनिट आवाज खाली घेऊ या.

लायका. मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ मधून अवकाशात गेली. यानात जागा होती फक्त उभं राहण्यापुरती आणि आडवं होण्यापुरती. त्याची सवय व्हावी म्हणून तिला आधी लहान, मग त्याहून लहान पिंजऱ्यांत २० दिवसांपर्यंत ठेवलं होतं. उड्डाणानंतर काही तासांतच उष्णतेने ती गेली. हे जगाला कळलं २००२ मध्ये.

छोटी जागा कुत्रा आनंदाने स्वीकारतो. कोंडलेपण नाही. घर २५० फुटांचं असलं तरी बिघडत नाही, पण गॅलरीच्या गजाला वीतभर साखळीने दिवसभर बांधणं बिघडतं. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हाच ठरवलाय. इटलीतल्या तुरीन शहराने २००५ मध्ये तर नियमच काढला: कुत्र्याला दिवसातून तीनदा फिरवा, नाहीतर ५०० युरोपर्यंत दंड!

फेरी झाली की घर आपोआप मोठं होतं. संध्याकाळी अर्धा-पाऊण तास पाय मोकळे केलेला मोत्या रात्री मुटकुळं करून दोन फुटांत मावतो.

चालती-फिरती हॉट वॉटर बॅग

माहीत आहे का? मोत्याच्या अंगाचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट. आपल्याला एवढं असलं तर आई कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवेल! म्हणूनच थंडीत पायाशी झोपलेला कुत्रा इतका सुखाचा वाटतो. ऑस्ट्रेलियातले मूळ रहिवासी थंडीच्या रात्री डिंगोंना कुशीत घेऊन झोपत, आणि थंडी जितकी कडक तितके कुत्रे जास्त. ‘थ्री डॉग नाइट’ या अमेरिकन रॉक बँडच्या नावामागे हीच गोष्ट सांगतात.

पण मे महिन्यात, डोंबिवलीत? तिथे हीटर कोणाला हवाय! मोत्यालाही नकोच असतो. म्हणून तो पोट लादीला चिकटवून बेडकासारखा पसरतो. पोटावर केस विरळ, त्यामुळे थंडावा थेट आत. तेव्हा उन्हाळ्यात गादीशेजारी हातभर उघडी फरशी मोकळी ठेवा. कधी कशावर झोपायचं ते त्याचं त्याला कळतं.

फक्त बारा महिने फरशी नको. वजनदार कुत्रे कायम कडक जमिनीवर झोपले की कोपरांना घट्टे पडतात, कधी कधी पाणी साठून टेंगूळही येतं. लॅब्रेडॉरवाल्यांनो, आज त्याची कोपरं बघाच.

पगवाल्यांनो, तुमच्यासाठी खास. २००३ च्या हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोरामागे धावणारा तो पग आठवतोय? तेव्हापासून हा चेहरा घराघरांत पोचला. पण चपट्या नाकामुळे याचा श्वास उकाड्यात अडतो आणि घोरणं तर बुलेटसारखं! त्याची गादी पंख्याखाली, खेळत्या हवेत. काठाला उशीसारखी उंच कड असेल तर त्यावर हनुवटी टेकून तो निवांत पडतो.

मग पलंगावर घ्यायचं की नाही? घराघरातला हा महावाद! अ‍ॅरिझोनाच्या मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी ४० माणसं आणि त्यांचे कुत्रे, दोघांनाही हालचाल मोजणारे पट्टे बांधले. सात रात्री. २०१७ मध्ये निकाल आला: कुत्रा खोलीत असला तरी माणसाची झोप ठीकठाक. तोच पलंगावर आला की झोपेचा दर्जा थोडा घसरतो. खोलीत हो, पलंगावर जरा विचार करून. वन-रूम-किचनवाल्यांना तर पहिला पर्याय फुकटातच मिळालाय!

कोपरा शोध मोहीम

आता हातात चहा घ्या आणि घरभर फिरा. तुम्हाला वाटतं जागाच नाही? अहो, भरपूर आहे.

डायनिंग टेबलाखाली बघा. डोक्यावर छप्पर, तीन बाजूंनी आडोसा, माणसांचे पाय जवळ. मोत्याच्या दृष्टीने ही वळचणच! अभ्यासाच्या टेबलाखालची जागाही तशीच, फक्त चार्जरच्या वायरी वर बांधून टाका. पिल्लू असेल तर आजच.

दिवाणाखाली सामानाचे खण नसतील तर लॉटरी लागली. पातळ गादी दिवसा आत सरकवायची, रात्री ओढून काढायची. पाहुणे आले तरी घर लख्ख.

कपाटाचा सर्वांत खालचा कप्पा रिकामा करून दार काढून टाकलं तर छोट्या कुत्र्याला फर्स्ट क्लास कुपे मिळतो. (कुपेवरून आठवलं: आपल्या रेल्वेत कुत्र्याला सोबत न्यायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कुपे घ्यावा लागतो. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये.)

नको त्या जागाही सांगते. फ्रिजमागे गरम हवा. गॅस सिलिंडरपाशी तर नावच काढू नका. मोरीच्या दाराशी कायम ओल. टीव्हीखाली गोंगाट, आणि मोत्याचा कान आपल्यासारखा २०,००० हर्ट्‌झवर थांबत नाही, तो थेट ४५,००० पर्यंत ऐकतो. मुख्य दाराला लागून गादी टाकली तर लिफ्टची प्रत्येक टिंग त्याची ड्यूटी बनते.

कुत्रे दोन असतील तर गाद्याही दोन. झोपतील एकाच गादीवर, एकमेकांच्या अंगावर. पण भांडण झालं की दोघांना आपापल्या ‘माहेरी’ जाता यायला हवं!

आणि जागा एकदा ठरली की सारखी हलवू नका. बुडापेस्टच्या ओत्वोश लोरांड विद्यापीठात कुत्र्यांच्या डोक्याला न दुखवता इलेक्ट्रोड चिकटवून त्यांची झोप मोजतात. तिथे दिसलं की नव्या जागेतली पहिली झोप त्यांचीही वेगळीच असते, आपली लॉजवर होते तशीच. दत्तक आणलेलं पिल्लू पहिल्या रात्री कुंईकुंई करतं ते हट्टाने नाही. त्याची गादी दोन-चार रात्री तुमच्या उशाशी घ्या, हात खाली सोडून झोपा. मग रोज थोडी थोडी सरकवत कोपऱ्यात न्या. आमच्या चिकूला पाच रात्री लागल्या.

सोसायटीवाले काय म्हणतील?

जागा मिळाली, पण नोटीस बोर्डावर ‘कुत्रे पाळण्यास मनाई’? दीर्घ श्वास घ्या. भारतीय पशु कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय की सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही. तुमच्या बाजूने लसीकरण, पालिकेचं लायसन्स आणि खाली गेल्यावर शी उचलायची पिशवी. एवढं चोख असलं की तिसऱ्या मजल्यावरच्या काकाही हळूहळू विरघळतात.

सिंगापूरच्या मराठी मंडळींना विचारा, तिथे खेळ अजून कडक. बहुतांश लोक राहतात त्या सरकारी एचडीबी फ्लॅटमध्ये कुत्रा एकच, आणि तोही ठरलेल्या छोट्या जातींच्या यादीतला. पग चालेल, लॅब्रेडॉर नाही. आणि मांजर? २०२४ च्या सप्टेंबरपर्यंत तिला तर प्रवेशच नव्हता!

उलट आपल्या फोर्टात बघा. टाटा समूहाचं मुख्यालय, बॉम्बे हाउस. २०१८ मध्ये नूतनीकरण झालं तेव्हा तिथे रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी खास खोली केली. खाणं, अंघोळ, झोप, सगळी सोय. रतन टाटांचा लाडका ‘गोवा’ इथलाच. गोव्याहून आला म्हणून गोवा! अब्जावधींचे निर्णय होणाऱ्या इमारतीत एक कोपरा कायमचा ‘झोपू’ योजनेत.

आता टेप काढा

शेवटचं काम, आणि इथे म्हण उलटी: पाय पाहून अंथरूण! मोत्या ऐसपैस पसरून झोपला की नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत माप घ्या. त्यात वीतभर मिळवा. झाली गादीची लांबी. शेपूट मोजू नका, ती वाकडीच राहणार.

महागडी गादी लागत नाही. आजीच्या जुन्या नऊवारीची चार पदरी गोधडी ही जगातली बेस्ट डॉग बेड आहे, हे मी ठामपणे सांगते. मऊ, धुता येणारी, आणि घरच्यांच्या वासाची. नाकाने जग वाचणाऱ्या प्राण्याला आणखी काय हवं? गाव सोडून आलेल्यांना गोणपाटही आठवेल. थंडीत खाली गोणपाट, वर गोधडी, हे डबल डेकर आजही हिट आहे.

फक्त खोळी दोन शिवा. एक अंगाखाली, एक दोरीवर. आठवड्याला गरम पाण्यात धुतलं की गोचीड आणि पिसवांचा मुक्काम हलतो. पावसाळ्यात तर तिसरीही असू द्या, कारण जुलैत मुंबईत काहीही वाळायला तीन दिवस लागतात.

आणि माप घेताना तो जागा झाला, टेप तोंडात धरून पळाला, तर? उद्या रात्री पुन्हा. तोवर गादीचा अंदाज तुमच्या पलंगावरच्या मोकळ्या जागेवरून घ्या: तुम्हाला जेवढी उरते, ती वजा करून जी राहील तेवढी त्याला लागते!